उतरता येईल तेवढंच चढा: पुण्याभोवतीच्या घाटांत सायकल चालवण्याचा योग्य क्रम

पुण्यात नवी सायकल घेतली की बहुतेकांचा पहिला बेत सिंहगडाचा असतो. स्वारगेटपासून गडावरच्या वाहनतळापर्यंत तीस-बत्तीस किलोमीटर अंतर. शहरात रोज दहा-पंधरा होतातच, मग एवढं काय अवघड, असा हिशोब मांडला जातो. तो इथेच चुकतो. अंतर मोजलं जातं, चढ मोजला जात नाही. चढाची थोडीफार तयारी झालीच, तर उताराची अजिबात होत नाही. रविवारी सकाळी गडाच्या रस्त्यावर सायकल ढकलत नेणारे पुष्कळ दिसतात. त्यात काहीच कमीपणा नाही; ढकलत जाणारा सुखरूप पोहोचतो. काळजी वाटते ती उतारावर दोन्ही ब्रेक करकचून धरून, बोटं बधिर झालेल्या अवस्थेत वळणाच्या पलीकडच्या बाजूला फेकले जाणाऱ्यांची.

म्हणून इथे दिलेला क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. आधी रस्ता वाचायचा, मग सायकल तपासायची, मग उतार शिकायचा आणि त्यानंतरच घाटाला हात घालायचा. चौदा वर्षांच्या मुलीला, साठी ओलांडलेल्या काकांना, गुडघ्याची तक्रार असलेल्याला आणि बॅटरीची सायकल घेतलेल्यालाही हाच क्रम लागू आहे. प्रत्येकासाठी बदलतो तो फक्त रस्ता.

## १. रस्ता वाचा: किलोमीटर नव्हे, चढ

चढाची टक्केवारी काढणं सोपं आहे. जितके मीटर वर चढायचं, त्याला जितके मीटर रस्ता आहे त्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा गाडीरस्ता साधारण नऊ किलोमीटर आणि चढ सुमारे सहाशे मीटर. म्हणजे सरासरी साडेसहा टक्क्यांच्या थोडं वर.

ही सरासरी फसवी असते, कारण घाट कधीच एकसारखा चढत नाही. मध्ये जवळपास सपाट तुकडा आला तर सरासरी खाली येते, पण उरलेला रस्ता त्या प्रमाणात जास्त उभा असतो. तीन-चार टक्के चढावर बोलत बोलत जाता येतं. सहा-सात टक्क्यांवर वाक्य तुटायला लागतं. दहा टक्क्यांवर नवख्या माणसाला हलका गिअर नसेल तर पाय टेकावाच लागतो.

फोनवरच्या सायकलिंगच्या ॲपमध्ये मार्ग आखला की खाली उंचीचा आलेख दिसतो. घाटासाठी तोच खरा नकाशा. त्यातून चार आकडे कागदावर लिहून घ्या: एकूण अंतर, एकूण चढ, सर्वांत उभा तुकडा किती टक्क्यांचा आहे, आणि तो तुकडा कितव्या किलोमीटरला येतो.

चौथा आकडा बहुतेक जण पाहतच नाहीत. सिंहगडाला चढ जाताना असतो, येताना बराचसा उतार मिळतो. दमलेला माणूस निदान घरी पोहोचतो. ताम्हिणीत याच्या उलट. मुळशीकडून घाट उतरून कोकणाच्या बाजूला गेलात, तर तोच घाट परतीला, भर दुपारी, संपलेल्या पाण्यासह चढायचा असतो. नव्या माणसाने असा ‘उलटा’ मार्ग निवडू नये. निवडलाच तर घाटमाथ्यावरूनच मागे वळावं.

वेळेचा अंदाज असा करा. सपाट रस्त्यावर नवखा माणूस तासाला पंधरा ते अठरा किलोमीटर जातो. घाटात किलोमीटर विसरा आणि दर तीनशे ते चारशे मीटर उंचीला एक तास धरा. स्वारगेटहून गड करायचा तर पायथ्यापर्यंत दीड तास, चढायला दीड ते दोन, वर अर्धा तास, उतरायला अर्धा-पाऊण आणि घरी परतायला दीड. सहा तास झाले. पहाटे साडेपाचला निघालात तरी साडेअकरा वाजतात. जानेवारीत ठीक आहे, एप्रिलमध्ये शेवटचा टप्पा तापलेल्या डांबरावर करावा लागेल.

तपासा: हे चारही आकडे न बघता तोंडपाठ सांगता येत नसतील तर मार्ग अजून ठरलेला नाही.

## २. सायकल: हलका गिअर, पकडणारा ब्रेक

आधी गिअर. सायकलच्या पुढच्या चकत्यांपैकी सर्वांत लहान चकतीचे दाते मोजा. मागच्या चकत्यांपैकी सर्वांत मोठीचे दाते मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. पुढे ३४ आणि मागे ३४ असतील तर उत्तर १ येतं, म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचं चाक एकदा फिरतं. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर या गिअरवर वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास राहतो. घाटात नवख्याला झेपणारा वेग एवढाच.

पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर उत्तर १.२ येतं. त्याच साठ फेऱ्यांना वेग ताशी नऊच्या वर जातो, आणि तेवढी ताकद नसल्यामुळे फेऱ्या चाळीसवर घसरतात. प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जोर येतो. रेसिंगची महागडी सायकल घेऊन गेलेल्यांचे गुडघे दुखतात आणि जुनी एमटीबी (डोंगरी रस्त्यांची सायकल) घेऊन आलेला शांतपणे पुढे जातो, यामागचं कारण हेच. माझं मत स्पष्ट आहे: उत्तर १ किंवा त्याहून कमी येत नसेल तर सिंहगड, पाबे, लवासा हे रस्ते सध्या बाजूला ठेवा. मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदलून मोठ्या चकतीची बसवता येते का, ते दुकानात विचारा. पुष्कळ सायकलींत बसते आणि नव्या सायकलीच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो. बिनगिअरच्या सायकलवर घाट चढणारे लोक आहेत, पण ती सुरुवात करण्याची जागा नाही.

मग ब्रेक. यात तडजोड करू नका. सायकलच्या शेजारी उभे राहून फक्त पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. आता फक्त मागचा ब्रेक दाबून ढकला. चाक फिरता कामा नये, घसटत आलं पाहिजे. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर केबल सैल आहे. नव्या सायकलच्या केबल पहिल्या काही आठवड्यांत ताणल्या जातातच. त्यामुळे ‘सायकल नवीच आहे’ ही खात्री धरू नका. ब्रेकच्या रबरावर खाचा असतात, त्या दिसेनाशा झाल्या की रबर बदला. डिस्क ब्रेक असेल तर पॅडचा जाड थर किती उरलाय तो टॉर्च लावून बघा आणि चकतीला तेलाचा हात लागू देऊ नका. चेनला स्प्रेने तेल मारताना ते चकतीवर उडतं आणि ब्रेक निकामी होतो. ही चूक घरोघरी होते. तेल थेंबाथेंबाने, कापडाने टिपत घाला.

टायरवर हवेचा किमान आणि कमाल दाब कोरलेला असतो, त्या मर्यादेत राहा. ‘कडक हवा म्हणजे हलकी सायकल’ हे घाटात चालत नाही. दगडासारखं टायर खराब रस्त्यावर उड्या मारतं आणि वळणावर पकड सोडतं.

सीटची उंचीही आत्ताच बघा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल तळाशी असताना पाय सरळ झाला पाहिजे. पुण्यात निम्म्या सायकलींच्या सीट खाली असतात, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं लोकांना वाटतं. त्या सवयीने घाटात गुडघ्याची वाट लागते.

बॅटरीच्या सायकलवाल्यांसाठी वेगळी सूचना: या सायकली जड असतात. वीस किलो किंवा जास्त. चढताना मोटर मदत करते, पण उतरताना ते सगळं वजन ब्रेकवर येतं. आणि घाटात बॅटरी सपाटीच्या मानाने फार लवकर उतरते, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या पल्ल्यावर मार्ग आखू नका. बॅटरी निम्मी झाली की, माथा आला असो वा नसो, परत फिरा.

## ३. उताराची शाळा

हा टप्पा गाळला जातो, आणि घाटातले पुष्कळ अपघात याच कारणाने होतात. चढताना चूक झाली तर माणूस थांबतो. उतरताना चूक झाली तर थांबता येत नाही.

सरावाला मोठा घाट नको. सहकारनगरातून तळजाईला चढणाऱ्या रस्त्यासारखा छोटा उतार पुरतो. मात्र सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून वर्दळ नसलेली वेळ निवडा. पुढच्या चार गोष्टी याच क्रमाने करा.

१) खुणेवर थांबणं. रस्त्याकडेचं एखादं झाड ठरवा आणि त्याच्या आत थांबा. दोन्ही ब्रेक एकत्र, दाब हळूहळू वाढवत. सायकल थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, कारण वजन पुढे सरकतं. ‘पुढचा दाबलास तर उलटशील’ हे लहानपणी ऐकलेलं वाक्य मनात घट्ट बसलेलं असतं. उलटायला होतं ते झटका दिल्याने आणि हात सैल ठेवल्याने. बूड सीटच्या मागच्या टोकाला न्या, हात रोवून धरा, मग पुढचा ब्रेक दाबून बघा.

२) दाबा-सोडा. उतारभर ब्रेक धरून ठेवू नका. वेग वाढला की दोन-तीन सेकंद नीट दाबा, वेग पाडा, सोडा. ब्रेक सतत घासत राहिला की रिम (चाकाची धातूची कड) आणि पॅड तापतात, पकड कमी होते. रिम ब्रेकच्या सायकलची ट्यूब उष्णतेने फुटूही शकते. शिवाय बोटं थकतात आणि नेमकं जेव्हा जोर हवा तेव्हा तो उरत नाही.

३) वळण. वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक सोडलेले असावेत. बाहेरच्या बाजूचा पाय तळाशी, त्यावर वजन. नजर वळण जिथे संपतं तिथे. दरीकडे किंवा कठड्याकडे पाहिलंत तर सायकल तिकडेच जाते.

४) एक हात सोडणं. मागून येणाऱ्याला हाताने खूण करता आली पाहिजे. उतारावर, कमी वेगात, क्षणभर.

तपासा: ठरवलेल्या खुणेच्या आत सलग तीनदा, चाक न घसरवता थांबता आलं का? नसेल तर पुढचा टप्पा पुढच्या आठवड्यात.

## ४. आपली पायरी कोणती?

पहिली पायरी: पाणशेत रस्ता. खडकवासल्याचं धरण मागे टाकून जलाशयाच्या कडेने खानापूरकडे जाणारा रस्ता. मोठा घाट नाही, छोटे चढ-उतार आहेत, आणि गिअर बदलायची सवय लावायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. मुलं, ज्येष्ठ, आजारातून उठलेले यांनी सायकल गाडीत घालून खडकवासल्यापर्यंत न्यावी आणि तिथून सुरुवात करावी. सिंहगड रस्त्यावरच्या शहरी वाहतुकीत दमून जाण्यात काही अर्थ नाही. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र धरणाच्या चौपाटीपाशी गाड्यांच्या रांगा लागतात. त्या दिवशी सकाळी आठच्या आत तो भाग मागे टाकायला हवा.

दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर दृष्टिहीन सोबती मागे बसत असेल, तर सुरुवात इथूनच करा. पुढच्या चालकाने प्रत्येक गिअर, खड्डा आणि ब्रेक आधी मोठ्याने सांगायचा. अशा सायकलला दोन माणसांचं वजन असल्याने थांबायला जागाही जास्त लागते. तीनचाकी किंवा हाताने चालवायची सायकल असेल तर रस्त्याची रुंदी आणि कडेची साइडपट्टी आधी गाडीतून जाऊन पाहून या.

दुसरी पायरी: जुना कात्रज घाट. कात्रज चौकातून भिलारेवाडीमार्गे जुन्या बोगद्यापर्यंत. सहाएक किलोमीटरचा, अंगावर न येणारा चढ. लय सापडायला उत्तम. वरच्या बोगद्याच्या तोंडाशी थांबा आणि तिथूनच परत फिरा. बोगदा अंधारा आणि अरुंद आहे, आत गाडीवाल्याला सायकल उशिरा दिसते. पलीकडे जायचंच असेल तर पुढे पांढरा, मागे लाल दिवा लागलेला हवा.

⚠ कात्रजचा *नवा* बोगदा आणि तिथून नवले पुलाकडे उतरणारा महामार्ग सायकलसाठी नाही, असं पक्कं धरून चाला. तो उतार अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. नकाशा ‘जवळचा रस्ता’ म्हणून तोच दाखवतो. ऐकू नका.

तिसरी पायरी: बोपदेव. कोंढव्यातून येवलेवाडीमार्गे. कात्रजपेक्षा लांबीला कमी, पण मध्ये उभे तुकडे आहेत. वर पोहोचल्यावर भिवरीवरून सासवडला जाऊन दिवे घाटाने हडपसरला उतरण्याचा फेरा लोकप्रिय आहे. हा फेरा बोपदेव चढूनच करा; दिवे घाटात अवजड वाहनं जास्त असतात आणि मंद गतीने चढणारी सायकल त्यांच्या रांगेत अडकते. पालखी मार्गाच्या रुंदीकरणामुळे तिथे खडी आणि वळवलेला रस्ता लागू शकतो, म्हणून आदल्या दिवशी त्या बाजूने आलेल्या कुणाला तरी विचारा. काही शंका असेल तर बोपदेवनेच परत उतरा. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढते, त्या दिवशी हा फेरा विसरा. अंधारात बोपदेवला एकट्याने जाऊ नका.

चौथी पायरी: सिंहगड. बोपदेव पाय न टेकता चढून आणि, त्याहून महत्त्वाचं म्हणजे, न घाबरता उतरून झाला असेल तरच. गडाचा रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी नऊनंतर वर येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. तुम्ही उतरत असता तेव्हा ती रांग समोरून येते. मधल्या वारी जा. जमत नसेल तर रविवारी नऊच्या आत खाली या. कोंढणपूर फाट्याच्या पुढचा शेवटचा भाग सर्वांत दमवणारा, त्यासाठी ताकद राखून ठेवा. निम्म्यात, फाट्यापर्यंत जाऊन परतणं हा पूर्ण आणि सन्मानाचा बेत आहे.

पाचवी पायरी: खानापूरकडून पाबे घाट ओलांडून वेल्हे, टेमघरवरून लवासा, ताम्हिणी. इथे अंतर, उभा चढ आणि मदतीचा अभाव एकत्र येतात. वर्षभर चालवल्यावर, सोबत घेऊन.

गुडघ्याची किंवा हृदयाची तक्रार असेल तर दुसऱ्या पायरीपुढे डॉक्टरांना विचारूनच जा. पायरी बदलायला एक साधा नियम पाळा: चालू पायरीवरचा मार्ग करून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिने चढ-उतर करताना त्रास झाला नाही, तरच वरची पायरी.

## ५. आदली रात्र आणि निघण्याची वेळ

रात्री हवा भरा, दिवे चार्ज करा, बाटल्या भरा. पहाटे ही कामं काढली की निघायला उशीर होतो आणि पुढचं सगळं उन्हात जातं.

सोबत: दोन ट्यूब, हवा भरायचा छोटा पंप, टायर काढायचे लीव्हर, ॲलन की (षटकोनी पाने), पंक्चरचा संच, थोडे रोख पैसे, ओळखपत्र आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी. एक पातळ वाऱ्याचं जॅकेटही, उन्हाळ्यातसुद्धा. त्याचं काम पुढे येईल. नुसती ट्यूब नेऊन उपयोग नाही, ती घरी अंगणात एकदा बदलून पाहिलेली असावी.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. एका बाटलीत साधं, दुसरीत मीठ-साखर-लिंबू. खाणं दर पाऊण तासाला थोडं: केळं, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. निघण्याआधी पोहे किंवा उपमा, पोटभर नाही.

वाऱ्याचाही विचार करा. मेपासून सप्टेंबरपर्यंत पुण्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. मुळशी, पाणशेतकडे जाताना तो तोंडावर असतो, परतताना पाठीवर. म्हणजे जाताना हळू पडलात तर घाबरू नका.

गटात जात असाल तर सर्वांत सावकाश चालवणाऱ्याला मधे ठेवा आणि शेवटी अनुभवी माणूस ठेवा. वेगवान मंडळींनी फाट्यावर थांबायचं. ‘वर भेटू’ हा करार घाटात करू नये.

## ६. चढताना

चढ सुरू होण्याच्या पन्नासएक मीटर आधीच हलका गिअर टाका. पायडलवर जोर असताना गिअर बदलला की चेन खडखडते, पडते, क्वचित तुटतेही. उशीर झालाच तर एक फेरी जोर कमी करून मग बदला.

पहिली दहा मिनिटं मुद्दाम सावकाश जा. ताजे पाय आणि पुढे गेलेला मित्र, या दोन कारणांनी लोक पायथ्यालाच जोर लावतात आणि तिसऱ्या किलोमीटरला संपतात. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग बरोबर. वाक्य तुटायला लागलं की गिअर हलका, फेऱ्या त्याच. गिअर संपले असतील तर फेऱ्या कमी करा. तरीही धाप आवरत नसेल तर उतरा आणि ढकला.

खांदे सैल, हँडल हलकं धरलेलं, बसूनच चालवा. उभं राहून पायडल मारल्याने नाडी झपकन वाढते. पाठ मोकळी करायला दहा-बारा फेऱ्या उभं राहणं ठीक. वळणाच्या आतल्या कडेला रस्ता सर्वांत उभा असतो. डावीकडच्या वळणावर मागे-पुढे पाहून, आपल्या लेनमध्ये राहूनच किंचित बाहेरून घ्या. चढ जड जातोय म्हणून रस्ताभर नागमोडी जाऊ नका, मागच्या गाडीला तुमचा अंदाज येत नाही.

थांबण्याचे नियम: छातीत दुखणं किंवा दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, घाम येणं अचानक बंद होऊन अंगावर काटा, गुडघ्यात टोचणारी कळ. यातलं एकही झालं तर ‘थोडंच राहिलंय’ म्हणू नका. सावलीत बसा, पाणी प्या, चढ तिथेच संपवा. छातीत दुखत असेल तर लगेच १०८ लावा.

थांबताना वळणावर थांबू नका. सरळ रस्त्यावर, पांढऱ्या पट्टीच्या पूर्ण बाहेर.

## ७. माथ्यावरची वीस मिनिटं

वर पोहोचल्याचा आनंद मोठा असतो आणि त्यातच तयारी विसरते. ओला टी-शर्ट बदला किंवा जॅकेट चढवा. चढताना घामाने भिजलेलं अंग उतारावरच्या वाऱ्याने गार पडतं, बोटं आखडतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत. ते जॅकेट यासाठीच आणलं.

गडावरची पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. फक्त त्यानंतर अर्धा तास द्या, किंवा दही खाऊन पिठलं पुढच्या खेपेला ठेवा. हँडलला पिशवी लटकवू नका: माकडं ओढतात, आणि उतारावर ती चाकात जाते.

उतरण्याआधी तपासा: पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, दोन्ही चाकांचे नट किंवा खटके, टायरची हवा अंगठ्याने. हेल्मेटचा पट्टा घट्ट. मागचा लाल दिवा चालू, दिवसासुद्धा.

## ८. उतरताना

शिकलेलं सगळं इथे वापरायचं: वळणाआधी ब्रेक, वळणात मोकळं, दाबा-सोडा. सुरुवातीचा एक किलोमीटर मुद्दाम हळू, म्हणजे ब्रेक कसे लागतायत ते कळतं.

वेगाची मर्यादा एकच: जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. आंधळ्या वळणावर दिसणारा रस्ता वीस मीटर असेल तर वेग त्या बेताचा. समोरून येणारी गाडी दुसऱ्या गाडीला ओलांडत तुमच्या लेनमध्ये असणार, असं समजूनच वळण घ्या. वळणांच्या बाहेरच्या कडेला खडी आणि वाळू साचते, त्यावर ब्रेक दाबायचा नाही. आधी वेग कमी करून त्यावरून सरळ जायचं.

दोन सायकलींत किमान सात-आठ सायकलींइतकं अंतर ठेवा. उतारावर फोटो, व्हिडिओ, हेडफोन काहीही नको. कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवू नका. वेग कमी करा, थांबा, उतरा आणि सायकल मधे धरा. बहुतेक वेळा ते तिथेच थंड होतं.

हात भरून आले तर थांबा. मधे दोनदा थांबून बोटं मोकळी करणं आणि रिम थंड होऊ देणं हा उतरण्याच्या योजनेचाच भाग आहे. तापलेल्या डिस्कला बोट लावून बघू नका, भाजतं.

## ९. पावसाळ्यात

सर्वांत सुंदर दिवस आणि सर्वांत जास्त चुका याच चार महिन्यांत. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, कारण रबराला आधी पाणी पुसावं लागतं. म्हणून वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलके टेकवून रिम कोरडी करून घ्या. रस्त्याच्या कडेला आणि पुलांवर शेवाळ असतं. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात, त्यांवर वळू नका. टायरची हवा थोडी कमी ठेवा.

सिंहगडाच्या घाटात पावसात दरड कोसळते आणि रस्ता बंद केला जातो. आदल्या संध्याकाळी स्थानिक बातम्या पाहा. रस्ता बंद असताना ‘सायकल तर जाईल’ म्हणून अडथळ्याच्या कडेने शिरू नका. दगड वरून पडतो, त्याला वाहन कोणतं याने फरक पडत नाही. कड्याच्या खाली, धबधब्यापाशी थांबू नका. धुकं दाट झालं आणि पुढचं वळण दिसेनासं झालं की बेत तिथे संपला. मुसळधार पावसात दुसरी पायरी ही सगळ्यांसाठीच शेवटची पायरी समजा.

## १०. काही बिघडलं तर

पडल्यावर लगेच उठून सायकल पाहायला धावू नका. आधी रस्त्यातून बाजूला व्हा. डोक्याला मार असेल, हेल्मेटला तडा गेला असेल, तर बरं वाटत असलं तरी त्या दिवशी पुढे चालवायचं नाही, आणि ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही. मान दुखत असेल तर पडलेल्या माणसाला हलवू नका. वळणाच्या आधी एक जण उभा करून येणाऱ्या गाड्या थांबवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर तातडीसाठी ११२. पाणशेतच्या पुढे, पाबे आणि ताम्हिणीच्या भागात फोनची रेंज तुटते, म्हणून घरी मार्ग आणि परतण्याची वेळ सांगून निघा, आणि ती वेळ टळल्यावर कुणी फोन करायचा तेही ठरवा.

ब्रेकची केबल तुटली तर एका ब्रेकवर घाट उतरू नका. सायकल ढकलत खाली या किंवा रिकामा टेम्पो थांबवा. भाडं ठरवा, सायकल आडवी न ठेवता उभी बांधा, आणि आडवी ठेवावीच लागली तर गिअरची बाजू वरच्या दिशेने राहील एवढं बघा.